नाल्यातला बांबू

आमच्या बांबूच्या खुर्च्यांना कीड लागत नाही, याचं श्रेय मी आजवर घेत आलो. ते माझं नाही, हे मात्र कधीच कुणाला सांगितलं नाही.

पोंभुर्ण्याजवळ छोटा कारखाना काढला, तेव्हा पहिल्या खुर्च्या परत आल्या. त्यांच्या पायांशी पिवळी भुकटी साचत होती. आमच्याकडे बांबू चिरायला येणारी, जंगलातल्या गावची एक बाई ते बघून हसली. म्हणाली, "भाऊ, बांबू गोड राह्यते म्हणून किडा खाते. पंधरा दिवस नाल्यात बुडवून ठेवा, गोडवा निघून जाते." तसं केलं आणि कारखाना तरला.

पुढे कॉलेजची मुलं कारखाना पाहायला आली, त्यांनी ही रीत विचारली. मी म्हणालो, "ते आमचं गुपित आहे." गुपित कसलं, रीत सांगितली असती तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं. मुलं गेल्यावर ती म्हणाली, "नाला कवापासून गुपित झाला भाऊ? अख्खं गाव त्यात बैल धुते." मी हसून वेळ मारून नेली.

आता तिचे गुडघे चालत नाहीत. परवा भेटायला गेलो, तर कोरा चहा देत सहज म्हणाली, "नातीले वाटते, मी तुमच्याकडं झाडू मारत होती. नाल्याचं सांगितलं तर हसते."

कारखान्याने आपली गोष्ट चारचौघांत सांगावी, नाहीतर कामगाराचं खरंही त्याच्या घरात खोटं ठरतं, हे मला तिथे कळलं. फाटकावर ती रीत तिच्या नावासकट लिहायची आणि तिच्या नातीला स्वतः वाचून दाखवायची, एवढं माझ्याकडून अजून राहिलं आहे.