कुरियातचा जून आणि एका हामूरची प्रकृती

जूनमध्ये ओमानातला शहाणा माणूस दोनच ठिकाणी जातो, एसीच्या खोलीत किंवा भारतात. मी यंदा, २०१९ च्या जूनमध्ये, कुरियातला गेलो, समुद्रावर, भर उन्हात. तुमच्याही मनात असं काही असेल तर पुढचं सावकाश वाचा. इच्छा बहुधा उतरेल.

मी सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात थंडाव्याची यंत्रं सांभाळतो. गाव साताऱ्याकडचं, शाळा गावातलीच, गळ्यात तुळशीची माळ. मासे मी खात नाही, धरत नाही, बाजारात त्या बाजूला फिरकतही नाही. त्यामुळे मासेमारीच्या स्पर्धेसाठी आमच्या परांजपे साहेबांना माझीच आठवण झाली, यात नवल नाही.

परांजपे साहेब आमचे मॅनेजर, पुण्याचे. त्यांना दर वर्षी एक छंद लागतो. आधी सायकल होती. ती आता त्यांच्या मस्कतमधल्या, अझैबाच्या घराच्या गॅलरीत टॉवेल वाळवायच्या कामी येते. या वर्षी गळ आणि काठी. मस्कतमधल्या काही हौशी मंडळींची ही खाजगी स्पर्धा, आणि तिचा नियम असा: मासा जिवंत धक्क्यावर आणायचा, वजन करायचं, फोटो काढायचा आणि परत समुद्रात सोडायचा. मेलेला मासा बाद. म्हणजे माशाच्या तोंडात आकडा घालून त्याला ओढून काढायचं आणि मग दिवसभर त्याच्या तब्येतीची चौकशी करायची. याला निसर्गप्रेम म्हणतात, असं साहेबांनी मला समजावलं.

बोटीवर मासा ठेवायला पाण्याची टाकी असते. उन्हाळ्यात ते पाणी तापतं, त्यातली हवा कमी होते आणि मासा गुदमरतो. टाकीवर असा माणूस हवा होता ज्याला थंड ठेवणं कळतं आणि मासा बघून भूक लागत नाही. पूर्ण कारखान्यात असा मी एकटाच निघालो.

मी एका अटीवर हो म्हटलं. माझ्या हातात मासा मरता कामा नये. तो कासावीस दिसला तर मी सोडून देणार, मग केवढाही असो.

"अहो पाटील, टाकी तुमची, शब्द तुमचा," साहेब लगेच म्हणाले. ज्याने आयुष्यात एकही मासा धरलेला नाही त्याला असं उदार होणं सोपं जातं.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून इब्राहिमभाईंनी गाडी काढली. ते आमच्या स्टोअरचे, हर्णैचे, आमच्यातले एकमेव ज्यांच्या घराण्यात होडी होती. सोहार ते मस्कत रस्ता सरळ आणि इतका गुळगुळीत की झोप लागते, म्हणून वाटेत कडक चहा आणि पराठ्याला थांबावंच. पैशांची चिंता नको, काही बैसांत पोट भरतं. पेट्रोल मात्र आता पूर्वीसारखं पाण्याच्या भावात राहिलेलं नाही.

संध्याकाळी मस्कतमध्ये, दार्सैतच्या कृष्णाच्या देवळात गेलो. इब्राहिमभाई बाहेर टपरीवर थांबले. आरती झाली, गर्दी पांगली, तरी मी जरा उभा राहिलो. देवाने पहिला अवतार माशाचा घेतला होता, आणि उद्या मी त्याच्या भाईबंदांना टाकीत घालणार होतो. काय मागावं तेच सुचेना. शेवटी 'सांभाळ' एवढंच म्हटलं. कुणाला, ते देवावर सोडलं.

"काय मागितलास बुवा, कप?" बाहेर आल्यावर इब्राहिमभाईंनी विचारलं.

"मासाच लागू नये म्हणून मागायला हवं होतं."

"त्याची काळजी नको. साहेबांच्या हातात काठी हाय."

मुक्काम अझैबाला साहेबांकडे. पहाटे निघालो. अमरातवरून कुरियातचा रस्ता उघड्या डोंगरांतून जातो, सूर्य वर यायच्या आत तो फार देखणा दिसतो. नंतर काहीच देखणं दिसत नाही, डोळे उघडत नाहीत. टोप्या, पाणी, पूर्ण बाह्यांचे शर्ट न्या. फक्त हौस घेऊन जाऊ नका, ती नऊ वाजेपर्यंत विरघळते.

बोटवाला सलीम, कुरियातचाच, हिंदी आमच्याइतकंच बोलणारा. मी टाकीत नळी सोडून हवेचा पंप लावला, वर ओलं गोणपाट बांधलं, बुचं घट्ट लावलेल्या गोठलेल्या पाण्याच्या बाटल्या शेजारी मांडल्या. ते बघून तो साहेबांकडे वळला; मालकाला इथे अर्बाब म्हणतात.

"अर्बाब, मछली पकड़ना है या मछली का शादी है?"

साहेबांनी त्याला निसर्गप्रेम समजावलं. सलीमने मान हलवली. "इन्शाल्ला," तो म्हणाला. देवाची इच्छा असेल तर, म्हणजे इथे बहुधा 'नाही'.

पहिले काही तास छान गेले, म्हणजे काही लागलं नाही. मग साहेबांची काठी वाकली. कुणालाच खरं वाटेना, साहेबांना तर अजिबात नाही. पाणी तिथे फार खोल नव्हतं. इब्राहिमभाईंनी धरून ओढायला मदत केली आणि वर आला एक हामूर. कोकणात याला हेकरू म्हणतात. तपकिरी ठिपके, जाड ओठ, वरच्या अधिकाऱ्यासारखा नाराज चेहरा. मी हात ओले करून त्याला पोटाखालून धरलं आणि टाकीत ठेवलं. त्याचं अंग किती मऊ होतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी बाजूला होऊन तोंड धुतलं, तेवढ्यात मागे खळखळ आवाज झाला. इब्राहिमभाईंनी जेवणाच्या पेटीतला सगळा बर्फ टाकीत ओतला होता.

"भाई, काय केलंत?"

"बर्फ घातला. मासा ताजा रवायला नको?"

"ताजा नको आहे, जिवंत हवा आहे."

इब्राहिमभाईंनी रिकामी पेटी खाली ठेवली. पिढ्यान्‌पिढ्या मासा हाती आला की बर्फ, असा हात चालत आलेला. हाती आलेला मासा जिवंत ठेवायचा, असं त्यांच्या घराण्यात कधी घडलंच नव्हतं.

खाऱ्या पाण्यातल्या माशाला गोडं पाणी, तेही नळाचं, आणि एकदम गार. हामूर एका कुशीवर झुकला. कल्ले घाईघाईने उघडमीट करू लागले.

"सोडतो मी," मी म्हणालो.

"पाटील, जरा बघा ना," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मॅनेजरचा राहिला नव्हता. "माझा पहिला मासा आहे हो."

"खलास," सलीम म्हणाला. "बिर्यानी करो."

मी ओंजळीने बर्फ उपसला. इब्राहिमभाई बादलीने समुद्राचं ताजं पाणी घालू लागले, मी खालून जुनं सोडत गेलो. पाण्याचा गारवा हळूहळू उतरवला. बुचाच्या बाटल्या अशा कामाला असतात, ऊन चढलं की एकेक टाकीत सोडायची. बर्फ पाण्यात मिसळता कामा नये. हे एवढं वाक्य तुम्ही लिहून ठेवलंत तरी माझं लिहिणं फुकट गेलं नाही.

हामूर सरळ झाला. मी पुन्हा बघितलं, कल्ले शांत होते. आता सोडायला कारण उरलं नव्हतं, म्हणून मी त्याला धक्क्यावर येऊ दिलं. इथे माझा अंदाज चुकला. मी पाण्याचा विचार केला होता, माणसांचा नाही.

धक्क्यावर वजन झालं, चटकन झालं, टाळ्या पडल्या, साहेब दुसरे आले. मग फोटो सुरू झाले. साहेब माशासोबत. साहेब आणि स्पर्धेचे पाहुणे माशासोबत. पाहुण्यांचे डोळे मिटले म्हणून पुन्हा. ऊन चेहऱ्यावर येतं म्हणून दुसऱ्या बाजूने. हामूर जबड्याला धरून हवेत लटकत होता, आणि त्याच्याच रक्षणाबद्दल एक गृहस्थ माइकवर छान बोलत होते.

"साहेब, द्या आता."

"एकच, पाटील. घरी पाठवायला."

त्या एकानंतर आणखी काही निघाले. शेवटी मी साहेबांच्या हातातून मासा घेतला. मॅनेजरच्या हातातून मी काही हिसकावून घेण्याची ही पहिलीच वेळ. होडी ओढायच्या उतारावरून मी बुटांसकट पाण्यात उतरलो. मासा सोडला तर तो उताणा तरंगू लागला. पांढरं पोट वर.

त्याला पुन्हा सरळ धरलं आणि तोंड पुढे ठेवून हळूहळू चालवू लागलो, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जातं. कमरेएवढ्या कोमट पाण्यात मी माशाला फिरवत होतो, जसं तापातून उठलेल्या माणसाला ओसरीवर फिरवतात. वर बक्षीस समारंभ चालू होता. माझं नाव घेतल्याचं नंतर कळलं. मी नाम घेत होतो, पण मनातल्या मनात. माशासाठी घेत होतो की माझ्या अटीसाठी, हे तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

इब्राहिमभाई पँट दुमडून शेजारी येऊन उभे राहिले.

"बुवा, जेवान लागला. तळलेला हामूर हाय."

"या, इथेच वाढा म्हणावं."

ते हसले नाहीत. पाण्यात हात घालून त्यांनी दुसऱ्या बाजूने माशाला आधार दिला. आम्ही दोघे फिरत राहिलो. मग तळहाताला एक धक्का बसला, शेपटीचा, जोराचा. हात मोकळे झाले आणि तो खाली गढूळ पाण्यात गेला.

"जगेल का?" मी विचारलं.

"गेला ना खाली? मग झाला. पुढचा तो वरचा बघून घेल."

मी जेवायला भात आणि डाळ घेतली. डाळीला माशाचा वास होता.

सोहारला परतून आता काही आठवडे झाले. ऑफिसात साहेबांच्या मागे मोठा फोटो लागला आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, काय मासा आहे. पुढे त्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. मला तो जगला की नाही हे कळणार नाही, आणि जगला असला तरी मी वाचवला असं म्हणायची सोय नाही, कारण बाहेर काढणाऱ्यांत मीही होतो. माझी अट पाळली गेली की हुकली, देवालाच ठाऊक. देवळात गेलो की अजून विचारतो. तिकडून उत्तर आलेलं नाही.

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हिवाळ्यात पुन्हा स्पर्धा आहे, टाकी तुमचीच. मी म्हटलं, येतो, पण अट बदलली आहे. वजन झालं की मासा लगेच पाण्यात, आणि फोटो काढायचे तर तो पाण्यातच असताना.

साहेबांनी मागच्या फोटोकडे बघितलं.

"पण पाटील, मग मला पाण्यात उतरावं लागेल."

"हो," मी म्हणालो.

ते विचार करून कळवणार आहेत.