दाभोळवाली भाबी

आमच्या शेजारच्या भाबी डावीकडं-उजवीकडं असं कधी म्हणत नसत. मावळतीला त्या 'दर्याकडे' म्हणायच्या आणि उगवतीला 'डोंगराकडे'. "ती घागर जरा दर्याकडे सरकव गो," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी घागर हातात धरून तशीच उभी राहिले. भूममध्ये उभं राहून दर्या कुठं शोधायचा? आमच्याकडं उन्हाळ्यात आड तळाला गेला की दोराला दोर जोडावा लागायचा. पण भाबींना चुलीपुढं बसूनसुद्धा दर्या कुठल्या अंगाला आहे ते पक्कं ठाऊक असायचं. हळूहळू सगळी गल्लीच तसं बोलायला लागली. माझ्या सासूबाईंनी बार्शीच्या पलीकडचं जग पाहिलेलं नव्हतं, पण त्याही माझ्यावर ओरडायच्या, "अगं, ते सरपण दर्याकडच्या भिंतीला लाव की!"

ते निजामाचे दिवस. भूम मोगलाईत आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मध्ये करोडगिरीचा नाका होता, हद्द ओलांडणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. भाबींचे मालक त्या नाक्यावर जमादार होते. भाबींचे वडील आगबोटीवर खलाशी, आणि जमादारांचे चुलते मुंबईच्या गोदीत कामाला. त्या दोघांच्या ओळखीतून चौदा वर्षांची ही दाभोळची पोर भूमला येऊन पडली. मी लग्न होऊन शेजारी आले तेव्हा त्या तिशीच्या आसपास असतील. मूलबाळ नव्हतं. लहानखुऱ्या, काटक, आणि हसायला लागल्या की पदर तोंडात कोंबायच्या.

नाक्याचं त्यांना फार हसू यायचं. "जहाज नाय, गोदी नाय, आनि जकात कसली घेता? बैलाचे शेपटाची?" असं त्या मालकांच्या तोंडावर विचारायच्या. जमादार मिशीला हात लावून दरडावायचे, "सरकारचं मीठ खाती आन् सरकारलाच हसती!" त्यावर भाबी शांतपणे म्हणायच्या, "मीठ आमचे दर्याचं. तुमचे सरकारचं कुठलं?"  तेवढ्यावर जमादार तडक नाक्यावर निघून जायचे.

दुपारची कामं उरकली की मी निवडायचं सूप घेऊन त्यांच्या ओसरीवर जायची. मग दाभोळ सुरू व्हायचं. अरबांची जहाजं कशी खाडीत शिरतात, त्यांतून घोडे कसे उतरवतात, घोड्याला जमिनीवर पाय टेकताच चक्कर कशी येते, हे त्या सगळं हातवारे करून सांगायच्या. "तुमचे परांड्याचे, तुळजापूरचे बैल आमचे बंदरात कापड घेऊन यायचे गो. म्हंजे तू नि मी जुन्या शेजारनी." बंदरावरच्या मशिदीची गोष्ट त्यांची फार आवडती. विजापूरची शहजादी मक्केला निघाली, दाभोळपर्यंत आली, पण दर्यावर दंगा माजलेला. जहाज सुटेना. शेवटी वाटखर्चाचं सगळं सोनं तिनं तिथंच मशीद बांधण्यात घातलं. सासूबाई दारातून ऐकत असायच्या. त्यांनी एकदा विचारलं, "म्हंजी गेलीच न्हाय व्हय ती?" भाबी म्हणाल्या, "नाय गेली." आणि माझ्या सुपातले खडे वेचायला लागल्या.

ज्वारीची भाकरी त्यांना अखेरपर्यंत जमली नाही. तांदळाच्या मुलखातले हात ते. भाकरी थापता थापता कडेनं चिरत जायची. "हे पीठ माजं ऐकतच नाय," असं पुटपुटत त्या चिरा बुजवत बसायच्या. पण मला दिवस गेले आणि पोटात पाण्याचा थेंब ठरेना, तेव्हा कुठल्याशा बरणीच्या तळाची आमसुलं काढून त्यांनी सार केलं. वाटीभर प्यायले आणि मला महिन्यात पहिल्यांदा भूक लागली. ती आमसुलं त्यांच्या आईनं कधीतरी कुणाच्या तरी हाती धाडली होती, आणि शेवटची होती. हे मला नंतर सासूबाईंकडून कळलं.

आई दाभोळातच होती. वर्षा-दोन वर्षांनी कुणी फिरस्ता निरोप आणायचा, एकदा येऊन जा. भाबी लग्नानंतर एकदाही माहेरी गेलेल्या नव्हत्या. मालकांमागं टुमणं लावायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दर्यावर निघालेल्या माणसाला 'कधी येणार' असं विचारू नये, अशी त्यांच्याकडची रीत. माझे सासरे बाजाराला निघाले तरी त्या मला तसं विचारू देत नसत. स्वतःच्या बाबतीतही त्यांनी तीच रीत लावली. फक्त ईद झाली की त्या मालकांना एकच शब्द विचारायच्या, "औंदा?" जमादार मान हलवायचे, बघू म्हणायचे. रजा मिळत नाही, लढाई चालू आहे, बोटींचा भरवसा नाही. कारणं खोटी नव्हती, पण वर्षं तर जातच होती.

आणि मग एका वर्षी जमादारांनी कमाल केली. कुणाला न सांगता त्यांनी रजेचा अर्ज टाकला, साहेबाचे पाय धरले आणि चांगली दीड महिन्याची रजा मंजूर करून आणली. पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या अंगणात आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या भाबीला सांगा, बोचकं बांध म्हणावं. दाभोळला जायचंय." भाबी बाहेर आल्या. ऐकलं. आधी खूप हसल्या, पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि हसता हसता मट्‌कन खाली बसल्या. "अवो जमादारसाब," त्या म्हणाल्या, "आषाढ लागला. दर्या बंद हाय."

आम्हाला कुणालाच काही कळेना. सासरे म्हणाले, "दर्याला बी कुलूप असतंय व्हय?" तेव्हा भाबींनी समजावलं. पावसाळ्यात बोटी सुटत नाहीत. नारळी पुनवेला नारळ पडेपर्यंत दर्यावर कुणी जात नाही. घाटानं उतरावं तर दरडी कोसळलेल्या, आणि पुढं खाडी फुगलेली, होडी कोण घालणार? जमादार पेढ्यांचा पुडा धरून तसेच उभे होते. जन्मभर जकात घेतलेल्या त्या माणसाला दर्याचं हे साधं वेळापत्रक माहीत नव्हतं. आमच्याकडं आभाळ भरून आलं की लोक रस्त्यात थांबून हात जोडतात. पावसानं कुणाची वाट अडते हे त्यांच्या डोक्यात यावं तरी कसं? रजा घरी बसून संपली. भाबींनी त्यांना एका शब्दानं टोचलं नाही. उलट मलाच म्हणाल्या, "बिचाऱ्यानं केवडी खटपट केली गो."

पुन्हा रजा मिळालीच नाही. रझाकारांची दांडगाई सुरू झाली, मग पोलिस ॲक्शन झाली, आणि त्यानंतर ज्यांचा रझाकारांशी काडीचाही संबंध नव्हता अशी माणसंही गावोगाव भरडली गेली. त्याबद्दल बोलायला मला आजही जड जातं. सासऱ्यांनी भाबी-जमादारांना काही दिवस आमच्या धान्याच्या खोलीत ठेवलं. मी ताट घेऊन जायची आणि तसंच परत आणायची. सगळं निवल्यावर जमादारांची नोकरी गेली. कराचीला त्यांचा भाऊ होता. त्याच्याकडं जायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी भाबी माझ्याकडं आल्या. मी अडाणी, मला वाटलं कराचीला बोटीनं जातात तर दाभोळ वाटेतच लागेल. तसं विचारलंही. "नाय गो," त्या म्हणाल्या, "मुंबईवरनं दाभोल एकीकडे, कराची उलटीकडे."

"मग आधी आईला भेटा, भाबी. आता कुठं पाऊस हाय?"

"पंधरा दिस मागितले मी. तो 'नाय' असं बोलला नाय. उठला नि दाराची कडी लावली. भर दुपारी पन लावतो, आजून. ते बगून मीच बोलले, चला कराचीला."

मला जमादारांचा संताप आला होता. तो अजूनही पुरता गेलेला नाही. माणूस वाईट नव्हता, हे मला कळतं, पण कळून काय उपयोग? सकाळी बैलगाडी आली आणि ती दोघं गेली. पुढं त्यांची काही खबर आली नाही.

बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलाची बदली चिपळूणला झाली. गेल्या गेल्या मी हट्ट धरला, मला दाभोळ दाखव. मनात म्हटलं, केवढं मोठं शहर असेल! उतरले तर एक धक्का, वाळत घातलेली जाळी, चार होड्या, आणि घुमटावर गवत उगवलेली ती मशीद. घोडे कुठं उतरतात म्हणून मी एका म्हाताऱ्याला विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "ते शेकडो वरसांपूर्वी, बाय. आमी पन ऐकूनच हाव." भाबींनी ते घोडे, ती जहाजं कधी पाहिलीच नव्हती. आईकडून ऐकलेलं त्यांनी आम्हाला स्वतःचं म्हणून दिलं होतं. मला त्यांचा राग नाही आला. मशिदीच्या पायरीवर बसून मी पोटभर रडले, आणि मुलगा अवघडून खाडीकडं बघत राहिला.

भूमला दिलेल्या पोरीचं माहेर कुठलं म्हणून विचारलं, तर म्हाताऱ्यानंच घर दाखवलं. दारात पंचेचाळिशीची एक बाई होती. भाबींच्या लग्नानंतर जन्मलेली धाकटी बहीण. भाबी तिची बूबू, थोरली बहीण. मी कोण ते सांगितलं तशी तिनं माझे दोन्ही हात धरले आणि मला ओट्यावर बसवलं. आई केव्हाच गेली होती. "आनि बूबू पन गेली," ती म्हणाली, "कराचीलाच. दोन वरसं झाली."

 ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "मी तिला कदीच बगली नाय. फोटो पन नाय एक. तुमी तर रोज बगत व्हता. केवडी व्हती ती? उंच का ठेंगनी?"

 मी उठले, अंगणात उतरले आणि तळहात आडवा धरून माझ्या कानाशी लावला. "इथपर्यंत," म्हटलं.

ती ओट्यावरून खाली आली, पदर सारखा केला, आणि काही न बोलता माझ्या हाताखाली येऊन उभी राहिली.