साउंडवाल्याचं रॅप

आमच्या दवनीवाडा गावात माझ्या शेजारी लग्ना-मिरवणुकांना स्पीकर लावणारा एक साउंडवाला राहतो. अमेरिकेतल्या एका रॅप ग्रुपच्या सीडी लावून त्याने माझं डोकं उठवलं होतं.

"काऊन हेच लावून राहिला रे? समजते तरी का तुले?"

"अर्धंच समजते, भाऊ. पण ते रडून नाही राहिले, जाब विचारून राहिले."

भीमजयंतीच्या मिरवणुकीतही त्याने तेच लावलं. लोक ‘बंद कर’ म्हणून ओरडले, तेव्हा माईक घेऊन त्याच ठेक्यावर त्याने बंद हातपंपाबद्दल समोरच्या सरपंचालाच झाडलं. ओरडणारेच ठेक्यावर टाळ्या वाजवू लागले.

आठवड्यात पंप दुरुस्त झाला. आता नालीसाठी, रेशनसाठी बायका त्याच्या दारात उभ्या असतात. "आमचंही गाणं बनव नं, भाऊ!"

आणि हा माणूस कोणालाच नाही म्हणत नाही.