अबुंदियोच्या गिटारची खाच

गिटारींच्या पाराचो गावात गिटारच्या कडेच्या लाकडी पट्ट्या वाकवणारी माणसं पुष्कळ होती, पण खाचेचं वळण घ्यायचं म्हटलं की कारखानदार येत ते एउलालिया उइपेच्याच दारात. कमरेचं वळण कुणीही घेईल. वरच्या सुरांपर्यंत हात पोचावा म्हणून एका खांद्याला खाच पाडलेल्या गिटारची, म्हणजे दुकानात जिला कटअवे म्हणतात तिची, पट्टी आधी बाहेर आणि मग एकदम उलटी आत वळवावी लागते. जरा घाई झाली की ताडकन तुटते. तापलेल्या लोखंडी नळीवर ओलं लाकूड दाबून दाबून एउलालियाच्या बोटांची कातडी चामड्यासारखी झाली होती. तिच्या हातून अशा हजारो खाचा घडल्या. तिच्या नवऱ्यानं, अबुंदियोनं, मात्र जन्मात एकही केली नाही.

"गिटार म्हणजे पोट, बाई. पोटाचा लचका तोडलास तर खर्ज कुठून येणार?" असं तो म्हणायचा.

"आणि वरचे सूर काय शिडी लावून वाजवायचे?"

"ज्याला वर जायचंय, तो करील हात लांब."

"तुझी गिटार घेणारा आधी वानर असला पाहिजे," ती म्हणायची आणि दोघंही हसायचे.

लाकडाच्या धुळीनं अबुंदियोची छाती भरली आणि तो गेला, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. त्याच्या गिटारी कुठकुठल्या देशांत पांगल्या. गावात एकच उरली होती. ती सेलेदोनियोची. एउलालियाच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून त्यानंच हातात धरलं होतं, तेव्हापासून ती त्याची कोमाद्रे आणि तो तिचा कोंपाद्रे. तिघांच्या संचात तो लग्नांतून बोलेरो, म्हणजे संथ प्रेमगीतं, वाजवायचा आणि रविवारी चर्चमध्ये. एउलालिया रविवारी तिसऱ्या बाकावर बसायची ती पाद्र्यांच्या प्रवचनासाठी नव्हे. खर्जाची तार वाजली की बाकाचं लाकूड तिच्या मांडीखाली थरथरायचं. तेवढ्यासाठी ती आठवडा काढायची.

मग सेलेदोनियो एका लग्नाहून परतताना टेम्पोच्या मागच्या फळीवरून पडला. डावं मनगट मोडलं आणि वाकडं जुळलं. दांड्यावर खालच्या सुरांच्या पडद्यांवर हात चाले, पण गिटारच्या खांद्यावरून वळून वर जायचं म्हटलं की तिथंच अडके. आणि बोलेरोची सुरुवात तर सगळी वरच असते.

एका सकाळी तो गिटार घेऊन तिच्या अंगणात आला. ती चुलीवर आतोले, मक्याची पेज, ढवळत होती.

"कोमाद्रे, हिला खाच पाडून दे."

तिनं पळी तशीच धरली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"डोकं आहे. मनगट नाही."

"अरे, खाच असलेली नवी घे ना. मी करून देते. एक दमडी नको मला."

"तीन वाजवून बघितल्या. दांडा ओळखीचा नाही, बोटं चुकतात. सहासष्टाव्या वर्षी हात नवं घर शिकत नाही गं." त्यानं चुलीत एक काटकी सारली. "संचातले ते दोघं म्हणाले, सुरुवात वाजत नसेल तर दुसरा माणूस बघतो. माझ्यासमोर म्हणाले."

"आवाज जाईल, कोंपाद्रे."

"मला पोचता येत नाही त्या आवाजाचं काय लोणचं घालू?"

ती दोन दिवस नाही म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. पायरीवर बसून राहिला, मांडीवरचा वाकडा हात दुसऱ्या हातानं चोळत. तिनं गिटार आत नेली.

अबुंदियोनं ती ज्या बाकावर घडवली होती, त्याच बाकावर तिनं करवत लावली. लाकूड जुनं, गडद, कुणी काळ्या शाईनं गिरगटल्यासारख्या रेषांचं. तसं आता मिळत नाही. खांद्याचा तुकडा हातात आला तेव्हा तिनं आत डोकावून पाहिलं. उगीच वाटलं होतं, आत त्यानं काही लिहून ठेवलं असेल. काही नव्हतं. धूळ होती आणि सरसाचा एक वाळका ओघळ.

तसल्याच लाकडाच्या तीन पट्ट्या त्याच्या सामानात उरल्या होत्या. पहिली नळीवर तडकली. दुसरीही गेली. हजारो खाचा केलेल्या बाईच्या हातून एक होईना. तिसरी भिजवून ती तासभर नुसती बसून राहिली, मग डोळे मिटूनच वळवली. ती टिकली.

पंधरा दिवसांनी सेलेदोनियो आला. त्यानं गिटार मांडीवर घेतली, हात खाचेतून सरळ वर गेला, आणि सगळ्यात वरच्या पडद्यांवर त्यानं बोलेरोची पहिली ओळ एका दमात वाजवली. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं खर्जाची तार छेडली.

 शेजारच्या घरात कुणी घोंगडीखाली वाजवावं तसा तो सूर आला आणि लगेच मेला.

"बघ!" सेलेदोनियो म्हणाला. "उगाच भीती घालत होतीस. तोच आवाज! तसाच्या तसा!"

 लग्नांतल्या भोंग्यांशेजारी बसून चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान ते. त्याला खरंच फरक कळला नव्हता. म्हणजे काय गेलं हे आता या गावात एकट्या तिलाच ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "तोच आहे."

त्यानं आणखी सात लग्नं वाजवली. हिवाळा आला तसं मनगट पुरतं आखडलं, मग खालचे पडदेही सुटले. खाच होती, पण तिच्यात जायला हात राहिला नाही. संचातल्या दोघांनी उरुआपानचा एक माणूस घेतला. त्याची गिटार कारखान्याची, खाचेची, वायर लावून भोंग्यातून वाजणारी. तिच्या पोटात आवाज आहे की नाही याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. लोक नाचले. कुणी सेलेदोनियोचं नावही काढलं नाही.

एउलालिया एकदा मक्याच्या पानात उकडलेले कोरुंदा घेऊन त्याच्याकडे गेली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"गिटार घेऊन जा, कोमाद्रे. दिसली की हात ठणकतो."

"मी काय करू तिचं?"

"तुझ्या नवऱ्याची आहे."

"आता नाही," ती म्हणाली.

तरी नेली. घरी आणून एकदाच खर्जाची तार वाजवली आणि कपड्यांच्या कपाटात, स्वेटरांच्या मागे ठेवून दिली.

त्या वर्षी कारखान्यांकडून खाचेच्या पट्ट्यांची मागणी दुप्पट झाली. ती रोज नळी तापवायची, पट्टी बाहेर, मग आत. एकही तुटली नाही. रविवारी चर्चला जाणं तिनं सोडलं. काम करताना ती अबुंदियोच्या गिटारचा पहिला आवाज आठवू बघायची, बाकाखालून मांडीत चढणारा. पण कितीही डोळे मिटले तरी कानात यायचा तो घोंगडीखालचाच, आणि लगेच मरायचा.