शाळेच्या पेजवरचा एक फोटो

जूनमध्ये एक बाई आपल्या मुलीला नववीत घालायला आमच्या शाळेत आल्या. सगळे कागद देऊन झाले तरी त्या उठेनात. माझ्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या, ऑफिसचं दार लोटून घेऊन म्हणाल्या, "बाई, हिचा फोटो कुठे टाकू नका. नावपण नको. हिचा बाप आम्हाला शोधतोय. सापडलो तर हिला उचलून नेईल. माझं काय करेल ते हिच्यासमोर नाही सांगत."

मुलगी भिंतीवरचं वेळापत्रक वाचत असल्यासारखी उभी होती. मी एका चिठ्ठीवर तिचं नाव लिहिलं आणि चिठ्ठी प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये ठेवली. शिक्षकांना सांगितलं नाही. जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं, असं तेव्हा वाटलं.

दिवाळीच्या सुटीत हे गेले. तेरावं झाल्यावर मी शाळेत रुजू झाले. सह्या करत होते, तास घेत होते, पण वाचलेली ओळ परत वाचावी लागायची. ह्यांचं फेसबुकचं खातं तसंच राहिलं होतं. डिसेंबरात वाढदिवस आला तेव्हा ज्यांना काही कळलं नव्हतं अशांनी त्यावर "शतायुषी व्हा" असं लिहिलं. ते वाचून मी फोनमधून फेसबुकच काढून टाकलं. शाळेचं पेजही तिथेच होतं, म्हणून तेही बघायचं राहिलं.

ते पेज चित्रकलेचे सर सांभाळायचे. वयानं लहान, उत्साही. आमची शाळा मराठी माध्यमाची, कांजूरमार्ग पूर्वेला. वारा फिरला की कचऱ्याच्या डम्पिंगच्या वासामुळे खिडक्या लावून शिकवावं लागतं. पाचवीच्या तीन तुकड्यांची एक झाली आहे. संस्थेचे सचिव प्रत्येक बैठकीत म्हणायचे, "पलीकडच्या इंग्लिश स्कूलचं पेज बघा बाई, एकदम झकास! आणि आपण? फळ्यावर सुविचार!" मग ठरलं की रोज एक तरी फोटो टाकायचा आणि प्रत्येकाला उत्तर द्यायचं. ते ठरवलं तेव्हा मीही हात वर केला होता.

जानेवारीत ती मुलगी वक्तृत्वात वॉर्डात पहिली आली. परिपाठानंतर तिला व्यासपीठावर बोलावलं. प्रमाणपत्र तिनं आडवं, छातीशी घट्ट धरलं होतं. आमच्याकडे असा फोटो काढताना जे नेहमी म्हणतात तेच मी म्हणाले, "सरळ धर गं. नाव दिसू दे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग धरलं सरळ.

चौथ्या दिवशी तिची आई आली. बसली नाही. मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "वाचा."

फोटोखाली एका माणसानं लिहिलं होतं, "ही माझी लेक. शाळेचा पत्ता मिळेल का?" त्याखाली शाळेचं उत्तर होतं. "अभिनंदन! आपल्या लेकीचा आम्हाला अभिमान आहे." मग पूर्ण पत्ता. मग नववी 'ब'ची वेळ, साडेबारा ते सहा. शेवटी, पाचवीचे प्रवेश सुरू आहेत.

"तुम्हीच दिलात पत्ता, बाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

सरांना बोलावलं. त्यांनी ते वाचलं. "बाई, मला काय माहीत? बाप म्हणतोय म्हटल्यावर मी अभिनंदन केलं. आईशप्पथ! थांबा, आत्ता उडवतो पोस्ट."

"उडवून काय होणार, सर?" मुलीची आई म्हणाली. "त्यानं वाचलंय ना."

मी पोलीस ठाण्यात अर्ज दिला. आला की फोन करा, म्हणाले. तो नंबर मी शाळेच्या शिपाई मावशींकडेही देऊन ठेवला. मुलीला काही दिवस घरी ठेवा, असं मी आईला सुचवलं. ती मॉलमध्ये बिलिंगला होती. "एकटी ठेवू घरात? त्यापेक्षा तुमच्या डोळ्यांसमोर बरी," असं म्हणून ती कामावर गेली. चिठ्ठी विसरलेल्या माझ्यावर तिला विश्वास टाकावा लागला, कारण दुसरं कोणी नव्हतं.

तो शुक्रवारी आला, पावणेतीनला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. "नमस्कार मॅडम. लेकीनं नंबर काढला, म्हटलं तोंड गोड करावं. पाच मिनिटं भेटतो फक्त."

"आज आली नाही ती," मी म्हणाले. ती डोक्यावरच्या मजल्यावर भूगोलाच्या तासाला होती.

"असं? मग बसतो थोडा. उन्हातून आलोय."

ऑफिसच्या दारातून जिना दिसतो. तीन वाजता मधल्या सुटीची घंटा होणार होती, आणि घंटा झाली की सगळी शाळा त्याच जिन्यानं खाली येते. मावशी पाणी घेऊन आल्या. वीस वर्षं त्या घंटा देतात. मी म्हणाले, "मावशी, घंटेचं ते बघा जरा. आणि बँकेतल्या त्या बाईंना फोन करा." बँकेत माझ्या ओळखीची कुणी बाई नाही. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, बॉक्सकडे पाहिलं आणि गेल्या.

तीन वाजले. तीन वाजून सहा मिनिटं झाली. वर बाकं सरकल्याचे आवाज येऊ लागले. माझे तळवे टेबलाच्या काचेला चिकटले होते.

त्यानं घड्याळ पाहिलं. "सुट्टी नाही होत तुमच्याकडे?"

मावशी दारात आल्या होत्या. "घंटा बिघडलीय हो. ह्या शाळेत काय धड आहे? तुमच्या पोरीला चांगल्या शाळेत घाला की."

तो हसला. मीही हसले. आपण हसू शकलो याचीच मला भीती वाटली.

सव्वातीनला दोन हवालदार आले. त्यांनी त्याचं नाव, नंबर लिहून घेतला. बाप आहे, कोर्टाचा कागद नाही, आम्ही तरी काय करणार, असं मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्याबरोबर तो निघाला. दारात थांबून म्हणाला, "ठीक आहे, मॅडम. शाळा तर आता माहीत झाली."

सोमवारी आईनं शाळा सोडल्याचा दाखला मागितला. मुलगी दप्तर न आणता आली होती. मी दाखल्यावर सही करत असताना ती एकदाच बोलली. "बाई, माझी पुढची फेरी होती." मी तिची माफी मागितली. आई म्हणाली, "राहू द्या. कुठे जाणार ते विचारू नका म्हणजे झालं." मी विचारलं नाही.

पण मुलगी नव्या शाळेत गेली की तिची नोंद पाठवा अशी त्या शाळेची मागणी सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेकडे येते. मार्चमध्ये तशी मागणी आली. शाळेचं नाव, गाव, तालुका, सगळं समोर होतं. क्लार्क जेवायला गेला असताना मी मंजुरी दिली आणि पान बंद केलं.

आमच्या शाळेत आता हे फक्त मला माहीत आहे. तो अधूनमधून शाळेत फोन करतो. मॅडम, मी बाप आहे तिचा, नुसतं गाव सांगा, म्हणतो. मी माहीत नाही म्हणते. संध्याकाळी घरी आल्यावर ते गाव मनात येतं. घरात दुसरं कोणी नसतं, तरी मी ओठ मिटून घेते.