चित्रातलं बटण

वसुधाला शेवटचं भेटलो तेव्हा मी तिच्याशी धडधडीत खोटं बोललो. हॉस्पिटलात उशीला टेकून बसली होती बिचारी, आवाज पार खोल गेलेला, आणि विचारते काय, तर "महेश, चित्रं बदललीस का रे?" म्हटलं, "केव्हाच! तू आराम कर गं बाई." समाधानाने हसली. चौथ्या दिवशी सकाळी तिच्या भावाचा फोन आला...

गोडदेवला ती आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायची. मच्छीमारांना वाऱ्या-पाण्याचा अंदाज देणारं छोटंसं अ‍ॅप आम्ही दोघांनी केलं. अ‍ॅप माझं, आणि स्टोअरवरचं पान, जिथून लोक ते फोनवर घेतात, ते तिचं. पण त्या पानावरची चित्रं हट्टाने मी लावली. अ‍ॅपचा पहिला स्क्रीन, मधोमध ठसठशीत निळं 'सुरू करा' बटण. काय खूश होतो मी! वसुधा फोनवर ते पान घेऊन उत्तनच्या कोळीवाड्यात गेली, तर मासळी सुकवणाऱ्या बायका खरं 'इन्स्टॉल' सोडून चित्रातलंच बटण दाबतायत. दाबतायत, दाबतायत, आणि चित्र नुसतं मोठं होतंय. मी वैतागून म्हणालो, "एवढंही कळत नाही लोकांना?" ती भडकलीच. "कळतं रे त्यांना! बटण दिसलं, दाबलं. खोटं बटण तू लावलंस." मला ते फार लागलं. मग आज करतो, उद्या करतो, असे तीन महिने घालवले. तिचं दुखणं वाढत होतं आणि मी आपला रुसून बसलो होतो. लाज वाटते आता.

तिचं दिवसकार्य झाल्यावर चित्रं बदलली. आता त्यात बटणच नाही, फक्त वारा, लाटा आणि बोट न्यायची की नाही एवढंच. मग बस पकडून उत्तनला गेलो, त्या बायकांपैकी फिलोमिना मावशींच्या हातात फोन दिला. कुणी असं वापरून बघत असलं की वसुधा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. नाहीतर आपलं बोट आपसूक दाखवायला पुढे जातं, म्हणायची. मीही तसाच बसलो. मावशींनी पान वर-खाली केलं, थांबल्या... आणि थेट 'इन्स्टॉल' दाबलं.

"आता बरा हाय," त्या म्हणाल्या. "ती बाय न्हाय आली? तिला सांग, जमला म्हणून."

"कुणाला सांगू, मावशी?" एवढंच कसंबसं बोललो आणि हुंदका फुटला. डोळे पुसायला मांडीखालचे हात काढायचंही सुचेना.