दुसऱ्या वळणावरची चाकोरी

उजव्या हाताची चार बोटं जुळवून ते चाकाच्या खुणेत आडवी घालायचे, डोळे मिटायचे आणि जरा वेळाने म्हणायचे, "घोडं बगू नका, सायेब. चाकोरी बगा."

तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एखादा माणूस असेल. पगारपत्रकात शेवटून दुसरा, पण त्याला विचारल्याशिवाय पान हलत नाही. आमच्याकडे ते होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. इथल्या अरबी मंडळींनाही मामा हेच त्यांचं नाव वाटायचं. अरबीत मामा म्हणजे आई, त्यामुळे पांढऱ्या मिशांच्या या माणसाला हाक मारताना सुरुवातीला त्यांना हसू आवरायचं नाही. पुढे सवय झाली.

या आखाती शहराबाहेरच्या मुसफ्फा या कारखान्यांच्या वस्तीतली वर्कशॉपं मागे टाकून वाळवंटाच्या दिशेने पाऊण तास गेलं की आमचा ट्रॅक लागतो. खाजगी आहे, छोटा आहे. हिवाळ्यात तिथे दर शनिवारी दुपारी घोडागाड्यांच्या शर्यती होतात. घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी, तिच्यावर हाकणारा बसलेला. घोड्याने दुडकत पळायचं, चौखूर उधळला की तो मागे पडलाच म्हणून समजा. पैजा लावायला इथे बंदी. मालकाला बक्षीस आणि मान मिळतो, आणि त्या मानापायी भांडणं मात्र भरपूर होतात. एकाच्या चाकाने दुसऱ्याची वाट अडवली की अडवला गेलेला हाकणारा तक्रार नोंदवतो. मग बोर्डावर लाल दिवा लागतो, निकाल थांबतो आणि पंच दोघांना टॉवरमधल्या खोलीत बोलावतात. अडवलं हे सिद्ध झालं तर पुढचा घोडा मागे जातो, मागचा पुढे येतो आणि अडवणाऱ्याला शिक्षा होते. एका मोसमात तीनदा शिक्षा झाली की लायसन्स रद्द. लायसन्स गेलं की व्हिसा गेला, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

माझं काम व्हिडिओचं. टॉवरवर बसून चार कॅमेरे सांभाळायचे आणि तक्रार आली की पंचांना फिल्म दाखवायची. मी डोंबिवलीचा, डिप्लोमावाला, त्यामुळे यंत्रावर माझा फार विश्वास. मामा साताऱ्याकडचे. ते पाण्याचा टँकर फिरवायचे आणि दर शर्यतीनंतर ट्रॅक्टरला लोखंडी फळी बांधून ट्रॅक सपाट करायचे. गावाकडे ते बैलगाडा शर्यतीत झेंडापंच होते. इथल्या त्या परदेशी बनावटीच्या गाडीला ते शेवटपर्यंत छकडाच म्हणत राहिले.

ट्रॅकवरच्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका तक्रारीत माझे चारही कॅमेरे थकले. एका बाजूने बघितलं की चाक लागल्यासारखं दिसे, दुसऱ्या बाजूने मध्ये हातभर जागा. आमचे मुख्य पंच म्हणजे एक थकलेले, सज्जन ऑस्ट्रेलियन गृहस्थ. त्यांनी तीच फिल्म नऊ वेळा बघितली. तेवढ्यात ट्रॅकवरून रेडिओ खरखरला. "सायेब, म्या अजून फळी फिरवली न्हाय. चाकोरी हाय तशी हाय. त्यास्नी खाली या म्हनावं."

पंच खाली उतरले. दुभाषी म्हणून मीही गेलो असतो, पण मला ऊन लागतं. मी वरूनच रेडिओवर भाषांतर केलं. मामांनी चार बोटं घातली आणि सांगितलं की डाव्या गाडीची खूण इथे सरळ आहे, उजवीची इथून आत वळली आहे, आणि ही घोड्याची टाप तिच्यावरून पडलेली आहे. म्हणजे आधी गाडी आत आली, मग घोडा बिचकला. निकाल दोन मिनिटांत लागला. तेव्हापासून रिवाजच पडला. लाल दिवा लागला की मामा ट्रॅक्टर थांबवायचे आणि पंच मला म्हणायचे, "यल्ला, कॉल मामा." यल्ला म्हणजे चला.

मी त्यांची थट्टा करायचो. "मामा, तुमच्यामुळे माझे कॅमेरे भंगारात जाणार." ते शांतपणे म्हणायचे, "कॅमेरा हात दावतो. हात का हालला ते कुटं दावतो?"

एका रविवारी ते घरी जेवायला आले होते. सोसायटीच्या आवारात माझी लेक सायकल फिरवत होती. मामांनी फरशीवरचा तिच्या चाकाचा ओला माग बघितला आणि म्हणाले, "बाय, तुजा मागला बिरेक घासतोय." लेक म्हणाली, "इट्स फाइन, अंकल." ते हसले, खाली बसले आणि खिशातल्या पक्कडीने ब्रेक सैल करून दिला. मग जेवताना त्यांनी मुलाचा विषय काढला. तो सव्वीस वर्षांचा, आयटीआय झालेला, गावी मिळेल त्याचा ट्रॅक्टर चालवणारा. ट्रॅकवर माणसं पुरवणाऱ्या ठेकेदाराने त्याला मार्चमध्ये घ्यायचं कबूल केलं होतं. कागद आत गेलेही होते. "त्याचा व्हिसा लागला का मी मोकळा. दोन महिनं संगट राहतो, चाकोरी बगाय शिकवतो, मंग जातो." माझी बायको म्हणाली, "इन्शाल्ला." मामांनीही मान डोलावून इन्शाल्ला म्हटलं आणि आणखी एक भाकरी घेतली.

आता यासीनचं सांगतो. हा अल्जीरियाचा, चाळिशीचा, ट्रॅकवरचा सर्वात चांगला हाकणारा आणि सर्वात घुमा माणूस. त्या मोसमात त्याच्यावर दोन तक्रारी सिद्ध झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा निकाल मामांच्या बोटांनी लावला होता. दुसऱ्या निकालानंतर त्याने मामांना सलाम करणं सोडलं. मामा रोज आपणहून करायचे, तो तोंड फिरवायचा. "हक्क हाय त्याचा," असं म्हणून मामा टँकर चालू करायचे.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारची तिसरी शर्यत. दुसऱ्या वळणावर यासीन आतल्या कठड्याला धरून पुढे होता, बाहेरून एकजण त्याला गाठत होता. अचानक यासीनचा उजवा हात मागे आला, त्याची गाडी बाहेर उडी मारल्यासारखी सरकली आणि चाक शेजारच्या घोड्याच्या पुढच्या पायांना लागलं. तो घोडा उधळला, मागे पडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. यासीन पहिला आला, तो घोडा कसाबसा दुसरा. तक्रार झाली, लाल दिवा लागला.

फिल्ममध्ये हात स्वच्छ दिसत होता. पंचांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, "आज मामाची गरज नाही. ट्रॅक सपाट करायला सांग."

मी रेडिओ उचलला आणि सवयीने कॅमेरा दुसऱ्या वळणावर नेला. मामा कठड्यालगत उकिडवे बसले होते. बोटं चाकोरीत होती, पण या वेळी डोळे उघडे होते. मी झूम केलं. वरची वाळू कोरडी, पिवळी, आणि चाकाने जिथे ती उलटली होती तिथे खाली काळा चिखल. परातीएवढी जागा होती ती.

टँकरच्या व्हॉल्व्हचा वॉशर गेला होता हे मला ठाऊक होतं. दोन दिवसांपूर्वी मामांनी त्याला फडकं गुंडाळलेलं बघून मीच त्यांना हसलो होतो. मेकॅनिक मुसफ्फाहून यायचा, त्याला उद्या सांगतो, असं ते म्हणाले होते. सकाळी फडकं सुटलं असणार, मामा टँकर तिथेच उभा करून ते बांधायला उतरले असणार आणि तेवढ्या वेळात पाणी एकाच जागी मुरलं असणार. वरून फळीने कोरडी वाळू पसरली की कुणाला काय दिसतंय? तिथून गेला फक्त यासीन. त्याचं आतलं चाक रुतलं, गाडी आत ओढली गेली, म्हणून त्याने उजवा लगाम खेचला. हात का हलला ते मला टॉवरवरून कळलं.

ती चाकोरी पुसण्याचं कामच मामांचं होतं. पंचांनी हुकूमही दिला होता. ट्रॅक्टर चालू करून दहा पावलं पुढे घेतला असता तर सगळं खलास. मी रेडिओवर म्हणालो, "मामा, साहेब म्हणतायत आज गरज नाही. फळी ओढून घ्या." हे मी सगळं समजून-उमजून म्हणालो. ते इथे लिहून ठेवतो.

उत्तरात "थांबा" एवढंच आलं, आणि ट्रॅक्टर तिथेच सोडून ते चालत निघाले.

पंचांच्या खोलीत ते न बोलावता आलेले मी पहिल्यांदाच बघितले. दाराबाहेर चपला काढल्या, टोपी काढली. यासीन आणि तक्रार करणारा हाकणारा समोरासमोर उभे होते. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "सायेबास्नी सांगा, ह्यो हात त्यानं आपणहून न्हाय वढला. चाक रुतलं हुतं. तितं पानी म्या सांडलं, आनि म्या कुनाला सांगितलं न्हाय. चूक माजी हाय."

मी पंचांना इंग्रजीत सांगितलं, "ते म्हणतायत, तिथे ट्रॅक जरा ओला होता."

"ओला कशाने?"

"टँकर जुना आहे, सर. व्हॉल्व्ह गळत असेल."

मामा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना इंग्रजी येत नाही असं मी तीन वर्षं धरून चाललो होतो. भरधाव जाताना रस्ता एकाएकी संपावा तसं मला त्या क्षणी झालं, कारण ते पंचांकडे वळून सावकाश, एकेक शब्द ठेवत म्हणाले, "नो टँकर, सर. मी. माय मिस्टेक. टू डेज आय नो. कम, सी."

यासीनचं तोंड उघडंच राहिलं होतं. एखादा माणूस खरं बोलला याचा इतका धक्का बसू शकतो हे मला माहीत नव्हतं. मुलाचे कागद आत गेलेले, मार्च तोंडावर आलेला, आणि हा माणूस अनवाणी उभा राहून बापलेकांचं भाकरीचं ताट स्वतःच्या हाताने बाजूला सारत होता.

पंच खाली गेले, चाकोरी बघितली. नियमाप्रमाणे यासीनचा घोडा दुसरा झाला, पण त्याला शिक्षा झाली नाही. लायसन्स वाचलं.

बाहेर आल्यावर मी मामांवर अक्षरशः चिडलो. "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"चाकोरी हुती की तितं," ते म्हणाले, आणि ट्रॅक सपाट करायला गेले. पुढच्या शर्यतीला उशीर झाला होता.

ठेकेदाराने आठ दिवसांत त्यांचा व्हिसा कॅन्सल करायला दिला. घोड्याचे मालक नाराज होते, ठेकेदाराला कुणाचं तरी नाव पुढे करायचं होतं. पंचांनी मामांसाठी पत्र लिहिलं, त्याचा उपयोग झाला नाही. मुलाचे कागदही परत आले, कारण ठेकेदार तोच. मला वाटलं होतं, फार तर दोन-तीन दिवसांचा पगार कापतील. मी या देशात बारा वर्षं आहे आणि तरी मला असं वाटलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांना कामगारांच्या कॅम्पवरून विमानतळावर मी सोडलं. एक बॅग आणि दोरीने बांधलेलं ब्लँकेट, एवढंच सामान. कॅम्पच्या फाटकाशी यासीन उभा होता. त्याने छातीवर हात ठेवला, मामांच्या खांद्याचं चुंबन घेतलं आणि खजुराचा डबा त्यांच्या हातात दिला. मामा म्हणाले, "शुक्रान, हबीबी." मला ते बघवेना, मी गाडीत जाऊन बसलो.

वाटेत खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "त्या दिवशी तुमी कमी सांगितलं, सायेब."

मी पुढच्या सिग्नलला गाडी थांबवली.

"माज्यापायी सांगितलं, ठावं हाय मला. राग न्हाय. पर त्यो यासीन तितं हुबा हुता. त्याचं कोन सांगनार हुतं?"

मला सिग्नल हिरवा झालेला दिसला नाही. मागच्याने हॉर्न दिला. मला माफी मागायची होती. मी विचारलं, "पासपोर्ट घेतलाय ना, मामा?" त्यांनी खिसा चाचपला आणि हो म्हणाले.

हा हिवाळा सुरू झाला. ट्रॅक्टरवर नवा माणूस आहे, नेपाळचा, कामाला चलाख. परवा चौथ्या शर्यतीत तक्रार झाली, लाल दिवा लागला. फिल्म दोन्हीकडून वेगळी दिसत होती. पंच सवयीने म्हणाले, "यल्ला, कॉल..." आणि थांबले. खाली ट्रॅक्टर चालू झालेला मला दिसला. मी रेडिओवर ओरडलो, "रुको. फळी मत घुमाओ." आणि चार हिवाळ्यांत पहिल्यांदा तक्रारीच्या वेळी टॉवरवरून खाली ट्रॅकवर उतरलो.

ऊन मी म्हणत होतं. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून बघत राहिला. मी चाकोरीपाशी उकिडवा बसलो, उजव्या हाताची चार बोटं जुळवली आणि आडवी घातली. डोळे मिटले. वाळू गरम होती. रेडिओवर पंच विचारत होते, काय दिसतंय?

मी बोटं तशीच ठेवून बसून राहिलो. मला काहीच कळत नव्हतं, आणि या वेळी मी तसंच सांगितलं.